शाळेची लायब्ररी आणि प्रोजेक्ट: ठाणे-नवी मुंबईत नवीन आलेल्या मुलांनी आणि पालकांनी कुठून सुरुवात करायची

पावसाळा सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेला मेसेज येतोच, "आठवीचा प्रोजेक्ट आहे, फ्लेमिंगोवर माहिती हवीये, कोणाकडे आहे का?" मग कोणीतरी एक पीडीएफ टाकतं आणि तीच पीडीएफ अर्ध्या वर्गाच्या फाइलमध्ये उतरते, चुकांसकट. मी ऐरोलीत राहते, माझी दोन्ही मुलं इथल्याच शाळेत शिकली आणि शनिवारी मी शाळेच्या लायब्ररीत मदतीला बसते, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू पाहून झाल्यात. बदलीमुळे किंवा घर घेतल्यामुळे जी कुटुंबं इकडे येतात त्यांची मुलं पहिले दोन-तीन महिने लायब्ररीकडे फिरकतच नाहीत, कारण कोणाला विचारायचं हेच माहीत नसतं. त्यांच्यासाठी हे लिहितेय. उदाहरण फ्लेमिंगोचंच घेते, म्हणजे सगळ्या पायऱ्या एका विषयावर दिसतील.

१. लायब्ररी कोणाकडे आहे ते पहिल्या आठवड्यात विचारा

हे वाटतं तेवढं सोपं नसतं. काही शाळांत पूर्णवेळ ग्रंथपाल असतात, काही ठिकाणी अर्धवेळ, आणि काही शाळांत मराठीच्या किंवा चित्रकलेच्या सरांकडेच कपाटांच्या चाव्या असतात. त्यामुळे "लायब्ररी कुठे आहे" यापेक्षा "लायब्ररी कोण बघतं आणि आमच्या वर्गाचा लायब्ररीचा तास कधी असतो" असं विचारा.

वर्ष मध्येच असताना प्रवेश घेतला असेल तर एक अडचण हमखास येते. वर्गाची यादी जूनमध्येच लायब्ररीत गेलेली असते, तुमच्या मुलाचं नाव त्यात नसतं, म्हणून कार्ड बनत नाही, आणि मूल घरी येऊन सांगतं की मला पुस्तक देत नाहीत. देत नाहीत असं नसतं हो, नाव चढवायचं राहिलेलं असतं. वर्गशिक्षकांची चिठ्ठी घेऊन गेलं की काम होतं.

सोबत काय न्यायचं:

- शाळेचं ओळखपत्र, किंवा ते अजून आलं नसेल तर फी भरल्याची पावती
- दोन पासपोर्ट साइज फोटो
- जनरल रजिस्टर नंबर, म्हणजे प्रवेशाच्या वेळी शाळेच्या रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे पडलेला नंबर, हा बहुतेकांना पाठ नसतो, डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा
- शाळा अनामत घेत असेल तर तेवढे पैसे, आणि पावती जपून ठेवा, शाळा सोडताना लागते

मधल्या सुट्टीत जाऊ नका. देवघेवीची गर्दी तेव्हाच असते आणि मॅडमना मान वर करायला वेळ नसतो. शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं चांगली.

२. पुस्तकं लावतात कशी ते एकदा समजून घ्या

पुस्तकाच्या पाठीवर खाली एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते. त्यावर वरती आकडा, खाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं. तो आकडा म्हणजे वर्गांक. बऱ्याच लायब्ऱ्यांत ड्युई दशांश पद्धत वापरतात, १८७६ साली मेल्विल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने काढलेली. त्यात ५०० च्या घरात विज्ञान, ८०० मध्ये साहित्य, ९०० मध्ये इतिहास-भूगोल, आणि पक्षी ५९८ ला. म्हणजे फ्लेमिंगोवरचं पुस्तक हवं असेल तर ५९८ च्या कप्प्यापाशी उभं राहायचं आणि शेजारची दहा पुस्तकं पण चाळायची, कारण फ्लेमिंगो हा शब्द पुस्तकाच्या नावात नसला तरी पाणपक्ष्यांच्या पुस्तकात त्याचं एक प्रकरण असतंच.

इथे मुलं एका गोष्टीत फसतात. पुस्तकाच्या आत शिक्का मारून जो नंबर लिहिलेला असतो तो दाखल क्रमांक. पुस्तक शाळेत ज्या क्रमाने आलं तो हा नंबर, त्याचा विषयाशी काही संबंध नाही. मुलं यादीतून हा नंबर उतरवून घेतात आणि कपाटापाशी जाऊन शोधत बसतात. (काही शाळांत पुस्तकं चक्क दाखल क्रमांकानेच लावलेली असतात. तिथे ग्रंथपालांची स्मरणशक्ती हाच कॅटलॉग, सरळ जाऊन विचारा.)

आणि एक, शब्दकोश, विश्वकोश, नकाशासंग्रह ही संदर्भ पुस्तकं घरी देत नाहीत. तिथेच बसून टिपायची. हव्या त्या दोन-चार पानांची झेरॉक्स काढायला बहुतेक मॅडम परवानगी देतात, अख्खं पुस्तक झेरॉक्स करायला मागू नका.

३. कपाटाकडे जायच्या आधी प्रश्न ठरवा

माझ्या मते सगळा प्रोजेक्ट इथेच बनतो किंवा बिघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काउंटरवर रोजचा संवाद असा असतो:

"मॅडम, फ्लेमिंगोवर काय आहे का?"
"फ्लेमिंगोचं काय हवंय?"
"सगळंच."

सगळंच मागितलं की हाताला लागतं ते तेच, लांब पाय, वाकडी चोच, गुलाबी रंग, तो शेवाळ आणि कोळंबीसारख्या छोट्या जिवांमुळे येतो, संपलं. हे कच्छमधल्या मुलाने लिहिलं काय आणि ऐरोलीतल्या मुलाने लिहिलं काय, काही फरक पडत नाही. मग मी एक कोरा कागद देते आणि सांगते की फ्लेमिंगोबद्दल तुला खरंच न कळलेल्या पाच गोष्टी लिही. पहिल्या दोन नेहमी बोअर असतात, तिसरी-चौथी बरी निघते.

प्रश्न बारीक कसा होत जातो बघा.

"फ्लेमिंगो" हा विषय झाला, प्रश्न नाही.
"फ्लेमिंगो ठाणे खाडीत का येतात" हा प्रश्न आहे, पण अजून मोठा आहे.
"खाडीला भरती आली की फ्लेमिंगो नेरूळच्या तलावांकडे का जातात" हा झाला आठवी-नववीला झेपणारा प्रश्न.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना काय काय वाचावं लागतं ते बघा. फ्लेमिंगो उथळ चिखलात चोच उलटी घालून, पाणी गाळून खातात. ओहोटीला खाडीतली चिखलाची मैदानं उघडी पडतात तेव्हा त्यांचं जेवण चालू असतं. भरती आली की ती मैदानं पाण्याखाली जातात, मग उभं राहायला उथळ जागा हवी, ती नेरूळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळच्या तलावासारख्या पाणथळ जागांवर मिळते. म्हणजे पक्षी, भरती-ओहोटी, पाणथळ जमीन आणि शहर, चारही गोष्टी एका प्रश्नात आल्या, आणि हे मूल बाबांबरोबर स्कूटरवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतं. गुलाबी रंगाचा परिच्छेद पण येईलच मध्ये, येऊ दे.

प्रश्न चांगला झालाय का हे तपासायला माझी एक साधी कसोटी आहे. उत्तर गूगलच्या पहिल्याच ओळीत मिळत असेल तर प्रश्न फार छोटा, आणि दोन आठवडे वाचूनही संपणार नसेल तर फार मोठा.

पालकांना एक विनंती, प्रश्न तुम्ही ठरवून देऊ नका. तुम्ही ठरवलेल्या प्रश्नावर मूल कंटाळतं आणि रविवारी रात्री प्रोजेक्ट तुम्हालाच करावा लागतो.

४. कुठे शोधायचं, आणि कोणत्या क्रमाने

आधी विश्वकोश, मग पुस्तक, मग सरकारी कागद आणि बातम्या, आणि शेवटी माणूस. हा क्रम उलटा केला तर कोळीवाड्यातल्या काकांना काय विचारायचं हेच कळत नाही.

मराठी विश्वकोश वीस खंडांचा आहे, पहिला खंड १९७६ चा, आणि आता सगळा ऑनलाइन फुकट वाचता येतो. पक्ष्याची शरीररचना, सवयी, अधिवास यासाठी उत्तम. पण ठाणे खाडीची आजची स्थिती त्यात शोधू नका, जुन्या खंडांतली माहिती त्या त्या काळची आहे.

बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. आपल्या इयत्तेच्या पुढची दोन पुस्तकं उघडून बघा, आठवीत जे चार ओळीत उरकलंय ते अकरावीच्या भूगोलात किंवा जीवशास्त्रात नीट समजावलेलं असू शकतं. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन आहेत, पाचवी-सहावीच्या मुलांना विश्वकोशाची भाषा जड जाते त्यांनी तिथून सुरुवात करावी. अगदी छोट्यांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे, मराठी गोष्टी भरपूर. नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया ही आयआयटी खरगपूरने उभी केलेली साइट, नोंदणी फुकट, पण तिथला साठा प्रचंड आहे आणि प्रश्न ठरलेला नसेल तर मूल तिथे हरवून जातं.

शोधताना एकाच शब्दावर अडून बसू नका. फ्लेमिंगो, रोहित, अग्निपंख, तिन्ही टाकून बघा. ठाण्याचा इतिहास शोधत असाल तर जुन्या इंग्रजी कागदांत शहराचं स्पेलिंग Thane नाही, Thana असं असतं. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर (ब्रिटिश सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) याच स्पेलिंगखाली सापडतं, मिठागरं, बंदरं, खाडीतली वाहतूक यावर त्यात भरपूर आहे, इंग्रजी जुनी आहे तेव्हा मोठ्या कोणाला तरी शेजारी बसवा. फक्त सरकारी साइट्स हव्या असतील तर शोधशब्दांपुढे इंग्रजीत साइट, मग कोलन, मग जागा न सोडता जीओव्ही डॉट इन टाइप करा, निम्मा कचरा गळून जातो.

शाळेत पुस्तक नसेल तर बाहेरची लायब्ररी. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १ जून १८९३ ला सुरू झालेलं, वि. ल. भाव्यांनी पुढाकार घेऊन. ठाण्यात राहून तिथे एकदाही न गेलेली माणसं मला रोज भेटतात, असो. याशिवाय शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे आणि दोन्ही महापालिकांच्या वाचनालयं-अभ्यासिका आहेत. एक लक्षात ठेवा, अभ्यासिका म्हणजे टेबल-खुर्ची आणि शांतता, तिथे पुस्तकं मिळतीलच असं नाही, आधी विचारून मग रिक्षाचे पैसे घाला. सभासद व्हायला बहुतेक ठिकाणी आधारची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा, फोटो, अनामत आणि वर्गणी एवढं लागतं, अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही. भाड्याच्या घरात नवीन आला असाल तर आधारवर जुना पत्ता असतो, तेव्हा भाडेकरार किंवा गॅस बिल बरोबर ठेवा नाहीतर परत यावं लागतं.

आणि माणसं. ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खाडीकाठची खारफुटी) कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथे मांडलेली माहिती वाचायला एक तास काढा. खाडीत बोटीने नेतात पण वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. फ्लेमिंगो साधारण हिवाळा सुरू झाल्यापासून मे अखेरपर्यंत दिसतात, ऑगस्टमध्ये जाऊन रिकामी खाडी बघून येऊ नका. दिवा कोळीवाड्यात ज्यांनी आयुष्यभर खाडीत जाळं टाकलंय असे काका-आजोबा आहेत, ते जे सांगतात ते कुठल्याच पुस्तकात नाही. जाताना प्रश्न लिहून न्या, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा.

५. सापडलेलं खरं आहे का ते बघा

आमच्या भागातल्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या तीन गोष्टी सांगते.

पहिली, ठाणे जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ ला त्यातून पालघर वेगळा झाला. आधी पंधरा तालुके होते, आता सात उरले, बाकीचे आठ पालघरमध्ये गेले. पण शाळेच्या कपाटातली बरीच पुस्तकं आणि भिंतीवरचा नकाशा त्याआधीचा असतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार १४८ दिलीय, तो आकडा बरोबरच आहे, पण तो वसई-डहाणू-जव्हार सगळं धरून आहे. मुलं हा आकडा लिहितात आणि खाली सात तालुक्यांची यादी देतात. पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा नावाच्या पानामागचं पान उघडा आणि छापल्याचं साल बघा. पुनर्मुद्रणाचं साल नवीन असतं, आतला मजकूर जुना असू शकतो, तेव्हा पहिल्या आवृत्तीचं साल पण बघा.

दुसरी, फ्लेमिंगो अभयारण्याचं क्षेत्रफळ. एका ठिकाणी साधारण १६९० हेक्टर दिसेल, दुसऱ्या ठिकाणी साधारण ६५२१. मुलं गोंधळतात आणि त्यातला मोठा आकडा उचलतात, मोठा बरा दिसतो म्हणून. दोन्ही बरोबर आहेत. १६९० हे ऐरोली पूल ते वाशी पूल यांच्यामधलं, २०१५ ला जाहीर झालेलं अभयारण्य. ६५२१ हे २०२२ ला मिळालेल्या रामसर दर्जाचं (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळतो तो) क्षेत्र, त्यात अभयारण्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही धरलाय. म्हणजे दोन आकडे जुळले नाहीत तर लगेच एक खोटा ठरवू नका, दोघं नेमकं कशाचं माप सांगतायत ते वाचा. अशी एक ओळ प्रोजेक्टमध्ये आली की शिक्षकांना कळतं की मुलाने खरंच वाचलंय.

तिसरी, चॅटजीपीटी आणि त्याची भावंडं. वापरूच नका असं मी म्हणत नाही, प्रश्नाचे फाटे काढायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला ठीक आहे. पण "यावर मराठी पुस्तकं सांग" असं विचारलं की ते कधीकधी अस्तित्वात नसलेली पुस्तकं लेखकाच्या नावासकट सांगतं, इतक्या आत्मविश्वासाने की मुलं यादी घेऊन काउंटरवर येतात आणि मॅडम कपाटं धुंडाळत बसतात. त्याने सांगितलेलं पुस्तक कॅटलॉगमध्ये किंवा प्रकाशकाच्या साइटवर सापडलं तरच ते पुस्तक आहे असं धरा.

विकिपीडियाचं पण तसंच. वाचा, पण खाली संदर्भ दिलेले असतात तिथे जा आणि तो मूळ संदर्भ वापरा.

६. टिपताना कुठून घेतलं ते त्याच मिनिटाला लिहा

नंतर लिहू म्हटलं की पुस्तक परत गेलेलं असतं आणि दुसऱ्या मुलाकडे असतं. शंभर पानी वही घ्या, प्रत्येक पानावर एकच मुद्दा, आणि वर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, पान नंबर. वर्गांकही लिहा म्हणजे परत शोधायला सोपं. साइट असेल तर साइटचं नाव आणि बघितल्याची तारीख. माणूस असेल तर असं:

"विचारलं: खाडीत मासेमारी करणारे आजोबा, दिवा कोळीवाडा, ऐरोली. तारीख. काय सांगितलं: (त्यांच्याच शब्दांत). मला काय वाटलं: (वेगळ्या रंगाच्या पेनने)."

वेगळा रंग महत्त्वाचा. दोन आठवड्यांनी वही उघडल्यावर आजोबांचं वाक्य कुठलं आणि आपलं कुठलं हे आठवत नाही. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर तिथेच अवतरण चिन्हं घाला. नाहीतर पुस्तक मिटा, आणि आठवेल तसं आपल्या भाषेत लिहा, मग उघडून आकडे-नावं ताडून बघा. मिटून लिहिलं की कॉपी होतच नाही.

फोटो काढून ठेवणारी मुलं असतात, ठीक आहे, पण पानाबरोबर मुखपृष्ठाचा फोटो पण काढा, नाहीतर गॅलरीत नुसती बेवारस पानं जमतात.

७. नवीन पुस्तकं हवी असतील तर

"आमच्या लायब्ररीत नवीन काही नसतंच" ही तक्रार सगळे करतात, पण मागणी लेखी कोणी देत नाही. काउंटरवर मागणीची वही असते, नसेल तर साध्या कागदावर द्या. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि आयएसबीएन लिहा. आयएसबीएन म्हणजे मागच्या कव्हरवर बारकोडपाशी असलेला ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर, तो दिला की दुकानदाराला चुकीची आवृत्ती पाठवता येत नाही.

वेळ साधा. शाळेची खरेदी वर्षभर चालू नसते, पैसे मंजूर झाले की एकदम यादी जाते, तेव्हा ती यादी कधी जाते हे मॅडमना विचारून त्याच्या आधी द्या. एकट्या मुलाच्या मागणीपेक्षा विषयशिक्षकांची सही असलेली मागणी लवकर पुढे सरकते. आणि महागडं एक पुस्तक मागण्यापेक्षा नॅशनल बुक ट्रस्ट किंवा एकलव्यसारख्या प्रकाशकांची स्वस्त चार मागा.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, शाळांत वाचन प्रेरणा दिन असतो, त्या सुमाराला लायब्ररीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मुख्याध्यापकांना यादी दाखवायला तो आठवडा बरा. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी लायब्ररीला पुस्तक द्यायची पद्धत काही शाळांत आहे, तुमच्याकडे असेल तर घरात पडलेलं गाइड देऊ नका, मागणीच्या वहीत बघून त्यातलं एक द्या.

८. वर्ष संपताना

परीक्षेआधी सगळी पुस्तकं परत करा आणि रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढे जमा झाल्याची सही झालीय ना ते स्वतः बघा. पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेलं तर ते जमा होत नाही. हरवलं असेल तर लपवू नका, बहुतेक शाळा तेच पुस्तक नवीन आणून दिलं तर घेतात, बाजारात मिळत नसेल तर किंमत भरावी लागते. पुन्हा बदली झाली तर शाळा सोडल्याच्या दाखल्याआधी लायब्ररीची सही मागतात, आणि ती सही देणाऱ्या मॅडम मे महिन्यात गावी गेलेल्या असतात, तेव्हा हे काम एप्रिलमध्येच उरका.